दारू सोडणाऱ्याला एकटं सोडू नका

(चिखला येथे झालेल्या वनहक्क बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेली मांडणी. जशी बोलली तशीच लिहून काढली आहे.)



आजची बैठक दाव्यांसाठी बोलावली आहे. मंग दारूचा विषय मधातच काहून आणला, असं सकाळपासून चार जणांनी विचारलं. म्हणून पहिले तेच सांगतो.

मागच्या हिवाळ्यात आपल्या भागातल्या एका गावात मोका पाहणी होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसाचंही सांगत नाही. का, ते पुढे कळेल. दावा तीन एकराचा. बापाच्या काळापासूनची जबरानजोत. धानाच्या बांध्या, बाजूला लहानशी बोडी, धुऱ्यावर मोहाची दोन झाडं. वनहक्क समितीचे लोक आले, खात्याचे लोक आले, मोजायची टेप आली. दावेदार काका मात्र आले नाहीत. ते भट्टीच्या मागे पडून होते. दोघातिघांनी उचलून आणायचा प्रयत्न केला, पण उभं राहणं जमत नव्हतं. शेवटी काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि एकटीनं चारही धुरे फिरून दाखवले. कागदावर "दावेदार गैरहजर" असं लिहायला पेन उघडला होता. आम्ही कायद्याचं पुस्तक काढलं. २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. काकू हजर म्हणजे अर्धा मालक हजर. तेव्हा पाहणी झाली.

त्या दिवशी जमीन काकूंमुळे वाचली. पण दर वेळेला असं वाचणार नाही. आपल्या कायद्यात सियान माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. तेरा डिसेंबर २००५ च्या आधीपासून अमका ही जमीन कसतो, हे सांगणारा म्हातारा जबाबाच्या दिवशी शुद्धीवर पाहिजे. ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात, त्यात एक तृतीयांश बाया लागतात. ते दुपारी भट्टीवर असले तर ठराव होत नाही. पट्टा विकता येत नाही, गहाण देता येत नाही, हेही कायद्यात आहे. पण उधारीच्या वहीत नाव चढलं की कागद घरी राहते आणि बांधी दुसराच रोवते. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हा विषय जमिनीचाच आहे.

आता कोणी म्हणेल, दारू तर आदिवासीची जुनीच. खरं आहे, मोह आपला आहे. देवाला धार देतो, लग्नात देतो, मयतीत देतो. पण धार देणं वेगळं आणि सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतो म्हणून पव्वा शोधणं वेगळं. हे दुसरं आपल्या पूर्वजांनी शिकवलं नाही. इंग्रजांनी दारूचा ठेका सुरू केला, आणि घरी मोहाची गाळणारा माणूस गुन्हेगार झाला. ठाणे-कुलाबा भागात तर १८९२ मध्ये मोहफुलांवरच कायदा आणला. आपलं फूल गोळा करायला बंदी आणि ठेकेदाराच्या दुकानात मात्र रांग. तेव्हापासून जमीन, कर्ज आणि दारू हे तीन एकाच माणसाच्या वहीत सापडतात.

आदिवासी याच्याशी लढलाच नाही असंही नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यापासून गुजरातच्या डोंगरांपर्यंत देवीची चळवळ पसरली. गावोगावचे लोक माळावर जमायचे, देवीचा हुकूम ऐकायचे आणि दारू-ताडी सोडायचे. १९३० च्या दशकात तळोद्याकडे मोरवडला गुलाम महाराजांच्या आरतीला हजारो लोक जमायचे, दारू सोडायचे, एकमेकांना "आप" म्हणून हाक मारायचे. १९७२ नंतर शहाद्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायांनी जमिनीच्या लढ्यासोबतच दारूची मडकी फोडली. आपल्या शेजारी गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून १९९३ ला दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बाया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानसभेपर्यंत पायी चालत गेल्या. २०१५ ला तिथं बंदी झाली, २०२१ ला सरकारनं ती उठवली.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. दुकान सरकारच्या सहीनं बंद होते आणि सरकारच्याच सहीनं उघडते. तरी दुकान बंद करायची लढाई सोडायची नाही. आपला भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून पेसा कायद्यातला ग्रामसभेचा दारूवरचा अधिकार आपल्याला लागू नाही. पण २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या निम्म्याहून जास्त बाया मतदारांनी बाटली आडवी केली, तर परवान्याचं दुकान बंद करावं लागते. तो रस्ता आपला आहे. पण दुकान बंद झालं त्या रात्री, ज्याच्या अंगात दारू मुरली आहे तो माणूस काय करते? तो दोन कोस चालून दुसऱ्या गावी जाते. त्या माणसाबद्दल आम्ही कधी विचारच केला नव्हता.

आमची चूक सांगतो. मोका पाहणीनंतर आम्ही चार पोरं-पोरी रागानं काकांच्या घरी गेलो. बडादेवाच्या पुढे उभं केलं, हातात पाणी देऊन शपथ घेतली, आणि पुन्हा पेलास तर पाचशे रुपये दंड अशी तंबी दिली. काकानं त्या दिवसापासून खरंच थेंब घेतला नाही. आम्हाला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाली, "यायचे हात लई थरथरते, जेवण तोंडात जात नाई." आम्ही म्हटलं, होते तसं, दोन दिवसात बरं वाटेल. तिसऱ्या रात्री काका भिंतीवर मुंग्या दाखवू लागले. तिथं मुंग्या नव्हत्या. मेलेल्या भावाशी बोलू लागले. मंग अंग वाकडं झालं, तोंडाला फेस आला. घरच्यांनी म्हटलं, शपथ घेतली म्हणून देव कोपला. पहिले पुजाऱ्याकडे नेलं. दोन तास तिथं गेले. तेवढ्यात एका आशाताईनं ऐकलं आणि ती ओरडलीच, "हे दारूचं आहे, गाडी बोलवा!" १०८ ची गाडी आली. काका वाचले.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं आम्हाला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू थांबवली, तर काही तासात थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसात झटके येऊ शकतात, दोन ते चार दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो. त्यात जीवही जातो. अशा माणसाला दारू सोडवायची तर डॉक्टरच्या नजरेखाली, गोळ्या देऊन, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन सोडवायची. आम्ही मान खाली घालून ऐकलं. शपथ देणारे आम्ही, झटके आले त्यांना.

म्हणून आयाबहिणींनो, पहिली गोष्ट पक्की करा. जो सकाळी उठल्या उठल्या पेते, ज्याचे हात न पेता थरथरतात, ज्याला आधी कधी झटका आला आहे, त्याला घरात कोंडून दारू सोडवू नका. तुमसरचा दवाखाना, भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय, यापैकी जिथं जमेल तिथं न्या. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठी सरकारचा फुकट फोन आहे, त्यावर विचारा. आणि बाजारात "नवऱ्याला न सांगता चहात टाका" म्हणून जी पुडी मिळते, ती घेऊ नका. त्यात काय आहे ते कोणाला माहीत नसते. दारूवर उलटणारं एक खरं औषध आहे, पण ते पोटात असताना माणूस प्याला तर त्याचा जीव धोक्यात येते. ते माणसाला सांगून, डॉक्टरच्या चिठ्ठीनंच द्यायचं असते.

दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले, "अंगातली दारू मी उतरवली. डोक्यातली उतरवायला सभा शोधा." आम्हाला वाटलं, कोणत्या पक्षाची सभा? तेव्हा त्यांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं नाव सांगितलं. लोक थोडक्यात ए.ए. म्हणतात.

ही गोष्ट १९३५ सालची, अमेरिकेतल्या ॲक्रन गावची. एक शेअर दलाल होता, दारूनं बरबाद झालेला. काही महिन्यांपासून सोडली होती. धंद्याच्या कामानं परगावी आला, काम फसलं, हॉटेलात एकटा उभा, समोर दारूचा गुत्ता. त्याला कळलं, आता मी गेलो. तेव्हा त्यानं डॉक्टर शोधला नाही, उपदेश करणारा शोधला नाही. फोन करकरून दुसरा एक दारुडा शोधला, बोलायला. तो दुसरा दारुडा एक सर्जन निघाला. दोघं तासन् तास बोलत बसले. दोघं मरेपर्यंत पुन्हा प्याले नाहीत, मधात त्या सर्जनचं एकदा घसरणं सोडलं तर. त्या दोघांच्या बोलण्यातून ए.ए. उभी राहिली, आणि आज ती जगभर आहे. नागपुरातही तिच्या सभा भरतात. बाकी पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ ला मुक्तांगण सुरू केलं, तिथं राहून उपचार होतात. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ तालुक्याला दवाखाना आणि गावात शिबिरं घेते. तिथंही औषधासोबत माणसांना एकत्र बसवणं आहेच.

आम्ही काकांना घेऊन नागपूरला निघालो. तुमसर रोडवरून गाडी, तिथून ऑटो, पत्ता विचारत विचारत. सभा चर्चच्या आवारातल्या एका खोलीत होती. काका फाटकातच थांबले. "मी देव बदलवणार नाई बा." खरं सांगायचं तर आम्हालाही शंका आली. बाहेर एक माणूस बिडी ओढत होता. तो हसला, म्हणाला, "खोली भाड्यानं आहे भाऊ. तुमचा देव तुमच्याजवळच ठेवा." आणि तसंच निघालं. तिथं देवाचं नाव घेतात, पण कोणाचा देव ते विचारत नाहीत. ज्यानं त्यानं आपला समजावा. काका नंतर म्हणाले, "मी बडादेव धरला."

आत काय होते ते सांगतो, कारण भीती आतल्याचीच वाटते. गोल खुर्च्या. चहा. फी नाही, अर्ज नाही, आधार कार्ड नाही. जात, पक्ष, पगार कोणी विचारत नाही. आत यायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे. आडनाव सांगायचं नाही. खोलीत जे ऐकलं ते खोलीतच ठेवायचं. म्हणून आम्ही आज काकांचं नाव सांगत नाही, आणि सांगतो आहे तेवढंही त्यांना विचारूनच. एकेक जण उठतो आणि स्वतःचं सांगतो. दुसऱ्याला सल्ला देत नाही, मधात टोकत नाही. शेवटी एक टोपली फिरते, जमेल ते टाका, नाही टाकलं तरी चालते. बाहेरच्यांकडून देणगी घेत नाहीत. काही सभा सगळ्यांसाठी खुल्या असतात, तिथं आम्हालाही बसता आलं. काही फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, तेव्हा आम्ही बाहेर बसलो. घरच्यांसाठी वेगळी सभा असते, तिला अल-ॲनॉन म्हणतात. काकू एकदा तिथं बसली आणि खूप रडली. येताना गाडीत म्हणाली, "मले वाटत होतं, माह्यातच खोट हाय."

पहिल्या सभेत काका बोलले नाहीत. दुसऱ्या सभेतही नाही. तिथले लोक बँकेतले, शाळेतले, एक रेल्वेतला. काका म्हणाले, "हे शिकलेले, मी का सांगू?" तिसऱ्यांदा एकानं सांगितलं, की पोरीच्या लग्नाच्या दिवशी मी कुठे पडून होतो ते मला अजून आठवत नाही. तेव्हा काका उठले. आपल्याच बोलीत बोलले, "माह्या जमिनीची पाहणी होती, आन मी भट्टीमागं होतो." सगळ्यांना सगळे शब्द कळले नसतील. पण कोणी हसलं नाही. त्या माणसाला आपल्या गावात एवढं शांतपणे कोणी ऐकलं होतं का? आम्हीही नव्हतं ऐकलं. आम्ही दंड लावला होता.

दंडाचंही सांगूनच टाकतो. आपल्याकडे जातपंचायतीत दारूचा दंड घेतात आणि त्याच पैशाची दारू आणून पंच पेतात. हसू नका, पाहिलं आहे सगळ्यांनी. दंडानं माणूस सोडत नाही, लपून पेते.

पुढे काका घसरले. खाणीत ठेकेदारी मजुरीचा हप्ता झाला, सोबतच्यांनी ओढलं, आणि तीन दिवस गेले. आम्हाला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. आमच्यातला एक म्हणाला, आता नागपूरचं भाडं देऊ नका. पण सभेतल्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, "परत आणा. इथं कोणाला काढत नाहीत." परत गेले. त्यांनी पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू केली. आयुष्यभराचं बोलायचं नाही, आजचा दिवस प्यायचं नाही एवढंच. उद्याचं उद्या. शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. एका दिवशी एकच बांधी रोवून होते.

आता अडचण. नागपूरला जायचं म्हणजे एका माणसाची रोजी बुडते, दोघांचं भाडं लागते. रोवण्याच्या दिवसात, तेंदूपत्त्याच्या हंगामात जमत नाही. बाईमाणसाला तर अजूनच कठीण, आणि पेणाऱ्या बायाही आपल्यात आहेत, त्या तर लाजेनं कोणाला सांगतही नाहीत. मंग काय करायचं? दोन-तीन पिणारे एकत्र बसले, की सभा होते. त्याला खुर्च्या लागत नाहीत, शिकलेला माणूस लागत नाही. ॲक्रनला दोघंच होते.

म्हणून संघटनेच्या वतीनं चिखल्यापुढे आणि आजूबाजूच्या गावांपुढे चार गोष्टी ठेवतो. यावर आजच हो-नाही सांगा.

एक. आठवड्यातून एकदा, दिवाबत्तीच्या वेळेला, ज्यांना सोडायची आहे त्यांची बैठक. आणि खाणीत पगार होते त्या संध्याकाळी वेगळी एक. भट्टी ज्या वेळेला बोलावते, त्याच वेळेला आपणही बोलावू. बैठकीला ए.ए.चं नाव लावायचं तर त्यांना विचारून, त्यांच्या रीतीनं. नाही तर नुसती बैठक म्हणू.

दोन. त्या बैठकीत संघटनेचा पदाधिकारी, सरपंच, पोलीस पाटील कोणीही अध्यक्ष म्हणून बसणार नाही. पिणारा असेल तर पिणारा म्हणून बसेल. तिथं ऐकलेलं चौकात सांगणाऱ्याला पुन्हा आत बसता येणार नाही. पट्ट्याच्या भांडणात, निवडणुकीत कोणी तिथलं बोलणं वापरलं, तर बैठक त्याच दिवशी मेली समजा.

तीन. बायांची वेगळी बैठक. नवरा सोडो की न सोडो, तिला बसायला जागा पाहिजे. आणि तिथंच दाव्याच्या कागदावर तिचं नाव चढलं की नाही, तेही पाहता येईल.

चार. ज्याला झटक्याचा धोका आहे त्याला दवाखान्यात नेण्यासाठी प्रत्येक घरामागे दहा रुपये, मोहफुलाच्या हंगामात गोळा करून ठेवायचे. मोहाचं फूल विकून आलेला पैसा या कामाला लागला, तर मोहाला काही कमीपणा येणार नाही.

सकाळी एका सियान बुवानं विचारलं होतं, देवाला धार द्यावी लागते, मंग सोडणाऱ्यानं पूजा करावी की नाही? आम्ही लहान आहोत, देवाचं तुम्ही ठरवा. पण एवढी विनंती आहे. ज्यानं सोडली आहे त्याच्या हातात त्या दिवशी भांडं देऊ नका. त्यानं ताजं फूल वाहिलं तर देव नाही म्हणेल, असं आम्हाला वाटत नाही.

शेवटचं सांगतो. मागच्या महिन्यात उपविभागीय समितीकडून त्या दाव्याचं पत्र आलं, काही कागद पुन्हा मागितले आहेत. पट्टा अजून हातात नाही, लढाई बाकी आहे. पत्र घ्यायला काकू आणि काका दोघंही आले होते. काकांनी सही केली. हात थोडा हलत होता, पण सही काढता आली. मंग आम्हाला म्हणाले, "पुढच्या पाहणीले मी धुऱ्यावर उभा राहतो. पण तोवर दर आठवड्याले मले कोणीतरी बोलवा."

बोलावणारे आपण आहोत. आता बोला, पहिली बैठक कोणत्या वारी ठेवायची?

जय सेवा! जोहार!